आखूड शेपटीचं विमान

मी आयुष्यात एकदाही विमानात बसलो नाही आणि आता बसणारही नाही. लोकांना याचं हसू येतं, कारण बारा-तेरा वर्षं माझं पोट विमानांनीच भरलं. शिवणीच्या लाकडाची, बांबूच्या कामट्यांची, पतंगी कागदाची विमानं. "त्यात कसली आली भीती, गजाननराव? खेळणीच ना ती," असं म्हणणारा भेटला की मी विषय बदलतो. ज्याने तारेच्या टोकाला चालू इंजिनाचं, सव्वा शेर वजनाचं खेळणं धरलेलं नाही, त्याच्याशी वाद घालून मी माझं डोकं कशाला दुखवू? पण आज लिहायलाच बसलोय तर सांगून टाकतो. मी भित्रा माणूस आहे, आणि एका सकाळी जी भीती पोटात शिरली ती अजून पुरती निघालेली नाही.

आमचं घर नागपूरच्या इतवारीतलं, कोष्ट्याचं. वडील लुगडी विणायचे, आणि काठाची नक्षी चौकटींच्या कागदावर उतरवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या गल्लीत कोणी नव्हता. रीत साधी. मूळ नक्षीवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, मोठ्या कागदावर तेवढ्याच पण मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेक चौकट मोजत आकृती पुढे सरकवायची. मोजणी चुकली नाही तर मोर मोरच उतरतो, त्याचा कावळा होत नाही. "डोळ्यावर भरोसा ठेवू नको गा, मोज," एवढंच वडील शिकवायचे. मी मागावर फार दिवस टिकलो नाही, पण मोजायला मात्र पक्का शिकलो.

इंग्रज गेले त्या वर्षी सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांतून रद्दीच्या गाड्या निघाल्या. त्या रद्दीत मला जुन्या इंग्रजी साप्ताहिकांचा एक गठ्ठा सापडला. मधल्या पानांवर विमानांची रंगीत चित्रं होती, कुण्या चित्रकारांनी वीस-तीस वर्षांपूर्वी हाताने काढलेली. त्यातल्या एका चित्राने माझी झोप उडवली. एकावर एक असे दोन पंख असलेलं, लाल पोटाचं विमान ढगांतून थेट आपल्या अंगावर येतंय. गोल इंजिनाची एकेक नळकांडी दिसतेय, चालकाचा मफलर मागे फडफडतोय, आणि खाली कुठल्या तरी परक्या मुलखातली हिरवी शेतं. मी तो गठ्ठा घरी आणला आणि वडिलांच्या चौकटींच्या कागदावर ते लाल विमान उतरवायला बसलो. तीन आठवड्यांनी ते लाकडात तयार झालं. सोनेगावच्या विमानतळावर तोवर मी कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

धंदा असा सुरू झाला. सीताबर्डीवरच्या एका तिकीट कचेरीच्या मॅनेजरने टेबलावर ठेवायला एक नेलं. शाळांनी नेली, डॉक्टरांनी दवाखान्यात टांगायला नेली. कोर्टातले एक निवृत्त नाझर होते, त्यांना गणपतीच्या आराशीत विमान हवं होतं, आणि मूर्ती विमानात बसलेली हवी. मी म्हटलं, नाझरसाहेब, चालकाची जागा दीड इंचाची आहे. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मग उंदीर बसवा." बसवला. गिऱ्हाईक माल घ्यायला आलं की मी गठ्ठ्यातलं चित्र काढून विमानाशेजारी धरायचो. ते एकदा चित्राकडे, एकदा विमानाकडे पाहत आणि म्हणत, "हुबेहूब." हा शब्द ऐकला की मला जेवल्यासारखं वाटायचं. सहा-सात वर्षं मी तो ऐकत होतो.

दामू माझा लंगोटीयार. कामठीला लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करायच्या एका गॅरेजात तो मिस्त्री होता आणि सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडे राहायचा. बायको दुसऱ्या बाळंतपणात गेलेली. घरात तो आणि नऊ वर्षांची कुसुम, बस. पलटणीतला एक साहेब बदलून जाताना दामूला एक डबी देऊन गेला. आत मुठीत मावेल एवढं इंजिन, आणि त्यासोबत साध्या फळकुटी विमानाचा एक नकाशा. रॉकेल, एरंडेल आणि ईथर मिसळून पाजलं की ते इंजिन असं किंचाळायचं की गल्लीतली कुत्री पळून जायची. नकाशाबरहुकूम मी फळकूट विमान केलं आणि ते उडालंही. आम्ही दोघं वेडे व्हायचे बाकी राहिलो.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे विमान मोकळं उडत नाही. पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि चाळीस फुटांवर उभ्या माणसाच्या मुठीत येतात. मूठ वर कलवली की विमान वर जातं, खाली कलवली की खाली येतं. ते तुमच्याभोवती गोल फिरतं आणि तुम्ही मध्ये उभे राहून त्याच्यासोबत गरगर फिरता. तारा ताणलेल्या आहेत तोवर ते तुमचं ऐकतं. सैल पडल्या की मुठीचा काही उपयोग नाही. आणि इंजिन बंद करायला कळ नसते. टाकी संपेल तेव्हाच ते थांबतं.

सक्करदऱ्याच्या एका शाळेचे हेडमास्तर, भोयर त्यांचं नाव, यांनी आमचं फळकूट उडताना पाहिलं. त्यांच्या शाळेत हस्तकलेच्या शिक्षकाची जागा निघायची होती. स्नेहसंमेलनाला तपासनीस साहेब येणार होते, त्यांच्यासमोर विमान उडवायचं ठरलं. "पण हे फळकूट नको, गजाननराव," हेडमास्तर म्हणाले. "ते चित्रातलं लाल विमान पाहिजे. तेच उडवा. साहेबांनी पाहिलं की जागा तुमचीच." घरात तेव्हा दोन पोरं, वडिलांचे डोळे गेलेले आणि माग बंद. पगाराची नोकरी म्हणजे काय ते ज्याला नाही त्यालाच कळतं.

मी तीन फूट पंखांचं लाल विमान बांधलं. आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम. चित्रावर चौकटी आखून, एकही न चुकवता. उडवून मात्र पाहिलं नाही. उडवलं असतं तर एरंडेलाने रंग काळवंडला असता, चाकांना माती लागली असती. साहेबांना ते कोरं करकरीत दिसावं ही माझी हौस. दामू म्हणाला, "एक चक्कर मारून पाहू का गा?" मी म्हटलं, फळकूट उडलं ना, मग हे काहून नाही उडणार.

संमेलनाच्या आदल्या दुपारी दुकानात साठे नावाचे एक पायलट आले. नागपुरात तेव्हा रात्री डाकेची विमानं येत, त्यामुळे पायलट लोक दिवसा गावात हिंडताना दिसायचे. पुण्याकडचे गृहस्थ, बोलणं हळू. त्यांनी लाल विमान उचललं, फिरवून पाहिलं, आणि विचारलं, "याची शेपटी एवढी आखूड का?"

मी चित्र काढून शेजारी धरलं. म्हटलं, मोजून केलीय साहेब.

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरची फूटपट्टी घेतली आणि माझ्यासमोर आडवी धरली. "किती लांब दिसते?" मी म्हटलं, फूटभर. मग त्यांनी तीच पट्टी टोकाकडून माझ्या डोळ्यांकडे रोखली, जरा तिरकी. "आता?" मी म्हटलं, चार बोटं. "पट्टी छाटली का मी?" त्यांनी विचारलं. "तुमच्या चित्रातलं विमान तुमच्या अंगावर येतंय, मिस्त्री. शेपूट लांब मागे आहे, म्हणून आखूड दिसते. चित्रकाराने बरोबर काढलंय. तुम्ही चुकीचं मोजलंत."

काठावरचा मोर कापडावर आडवा पडलेला असतो. तो कुणाच्या अंगावर येत नाही. त्याच्या चौकटी मोजल्या की त्याची लांबी मिळते. मी विमानाला मोर समजलो होतो. आणि गिऱ्हाइकांनीही दुसरं काही पाहिलेलं नव्हतं, त्यांच्यापुढे मी तेच चित्र धरत होतो. जवळचा पंख मोजून लांबचा त्याच मापाचा करायची अक्कल मला होती, शेपटीपर्यंत ती पोचली नाही.

"हे उडवणार नाही ना?" साठ्यांनी विचारलं. मी सांगितलं, उद्या सकाळी, शाळेत. त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "उडवू नका. शेपटी आखूड असली की विमान मुठीत राहत नाही. थोडं वर म्हणाल तर एकदम उसळेल. तारा सैल पडतील. शेपटी वाढवा, मग उडवा." मी विचारलं, नाकात वजन घातलं तर? "थोडा फरक पडेल. पण मी उडवणार नाही." ते गेले. मी दुकानातली उरलेली सगळी विमानं ओळीने मांडली. एकजात सगळ्यांच्या शेपट्या आखूड होत्या.

शेपटी वाढवायची म्हणजे अर्धं अंग नव्याने बांधायचं, सरस वाळायला दिवस जातात. मी लाल विमान सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि सक्करदऱ्याला हेडमास्तरांकडे गेलो. सांगायचं म्हणूनच गेलो होतो. शाळेत पताका लागत होत्या, पोरी स्वागतगीत घोकत होत्या. मी म्हटलं, उद्या वारा असला तर विमान नको. ते म्हणाले, "घाबरून राहिले काय गा तुम्ही? वारा कुठे आहे? साहेबांचा होकार आला, तुमचं नाव मी त्यांच्या कानावर घातलं." आणि माझ्या पाठीवर थाप मारून दुसरीकडे वळले. मी त्यांच्या मागे चार पावलं गेलोही. मग थांबलो.

तिथून दामूकडे. कुसुम दारातच होती. "काका, मी उद्या सगळ्यात समोर बसते. बाबा विमान सोडणार हायेत म्हणून मास्तरांनी मले पहिल्या रांगेत ठेवलं." दामू आतून म्हणाला, "सकाळपासून तेच सांगून राहिली, डोकं खाल्लं माह्यं." मी खाटेवर बसलो. चहा घेतला. तेव्हा बोलायला हवं होतं. घरात आम्ही तिघंच होतो, कोणी घाई करत नव्हतं. मी म्हटलं, "नाक जरा हलकं वाटते." दामू तलावावर मासे धरणाऱ्या भोयांकडून जाळ्याला बांधायच्या शिशाच्या गोळ्या घेऊन आला, आणि आम्ही त्या नाकात ठोकून बसवल्या. एकेक गोळी आत जात होती तसं माझ्या मनात येत होतं, की आता हे कुणावर पडलं तर आणखी जोरात लागेल. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काहून जेवत नाही?" मी म्हटलं, पित्त झालं.

सकाळी मैदानात चुन्याचं मोठं रिंगण होतं. मधोमध खुंटी, तिथे मी उभं राहायचं. रिंगणाबाहेर पोरं मांडी घालून बसली होती. मी हेडमास्तरांना सांगून सगळ्यांना दहा पावलं मागे हटवलं. पाच मिनिटांत ती पुन्हा चुन्यापाशी सरकून आली. पुन्हा हटवलं, पुन्हा आली. तपासनीस साहेब खुर्चीत बसले. पहिल्या रांगेत लाल रिबिनीची कुसुम होती, तिने मला हात केला. माझे पाय गार पडले होते, खोटं नाही सांगत, चपलेतून अंगठा जाणवत नव्हता.

दामूने इंजिन सुरू केलं, गुडघे टेकून विमान धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने सोडलं.

दोन चकरा ते इतकं सुंदर फिरलं की मला वाटलं, साठेच चुकले. लाल पोट उन्हात चमकत होतं, पोरं ओरडत होती. तिसऱ्या चकरेला मी मूठ केसभर वर केली. विमान उसळून थेट माझ्या डोक्यावर आलं. हातातला ताण गेला. मुठीत काहीच नव्हतं, दोन तारा हवेत लोंबत होत्या. ते डोक्यावरून पलीकडे गेलं आणि नाक खाली करून पोरींच्या बाजूला निघालं. गरगर फिरताना मी खुंटीपासून त्याच बाजूला सात-आठ पावलं सरकलो होतो, हे तेव्हा कळलं. मी उलटा पळालो. मागे न पाहता, तारा ओढत, पडत-धडपडत. पहिल्या रांगेच्या अगदी तोंडाशी ताण आला. मूठ खेचली. विमान वर उचललं गेलं, पण जाता जाता त्याचं चाक एका डोक्याला लागलं. लाल रिबीन हवेत उडालेली मी पाहिली.

आणि ते थांबेना. टाकी मी स्वतः काठोकाठ भरली होती, साहेबांना भरपूर पाहायला मिळावं म्हणून. कुसुमला काय झालं ते पाहायला मला मान वळवता येत नव्हती, कारण नजर विमानावरून हलली तर ते पुन्हा उसळणार. दर चकरेला ती रांग डोळ्यांसमोरून सर्रकन जायची, नुसता रंगांचा पट्टा. रक्त आहे की रिबीन आहे, ती बसली आहे की पडली आहे, काही कळत नव्हतं. मी मनातल्या मनात तिचं नाव घेत होतो. किती चकरा झाल्या मला माहीत नाही. शेवटी इंजिन खोकलं, गप्प झालं, आणि विमान गवतावर उतरलं.

टाळ्यांचा पाऊस पडला. सगळ्यांना वाटलं ती माझी करामत. कुसुम उभी होती. कपाळाच्या वर केसांत बोटभर खरचटलं होतं, आणि ती शेजारणीला अभिमानाने दाखवत होती, "माह्याच डोक्यावरून गेलं." दामू तिच्याकडे धावला होता, तिचं डोकं चाचपून परत आला. त्याचा चेहरा पांढरा होता.

हेडमास्तर हसत आले. "साहेब म्हणून राहिले, अजून एकदा. ते डोक्यावरून नेलं ना, तसंच." दामूने सवयीने टाकीची बाटली उचलली. मी विमानापाशी गेलो आणि शेपटीवर पाय दिला. कामट्या मोडल्या. मग पंखांवर दिला, मग नाकावर. पोरं रडायला लागली, कुसुम सगळ्यांत जास्त. हेडमास्तर ओरडले, "हे काय करून राहिले? काहून?" साहेब गाडीत बसून गेले. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

पुढे मी दुकानात दुरुस्ती केली, साठ्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्या विमानांच्या शेपट्या वाढवल्या. गिऱ्हाइकं चित्र शेजारी धरून म्हणू लागली, "आता पहिल्यासारखं राहिलं नाही काम तुमचं." हळूहळू धंदा बसला. त्याचं मला फार वाईट वाटलं असंही नाही.

त्या दिवशी परत जाताना दामू सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत होता. मग त्याने विचारलं, "तुले आधी मालूम होतं का गा, असं होईल म्हणून?"

मी म्हटलं, "नाही."

त्याने लगेच विश्वास ठेवला. एवढंच नाही, गावभर सांगत सुटला की गजाननने नोकरी लाथाडली पण पोरांच्या जिवाशी खेळला नाही, उलटा पळत जाऊन माझी पोर वाचवली आणि स्वतःच्या हातचं विमान पायाखाली तुडवलं. कुसुमच्या लग्नात त्याने भर मांडवात मला उभं केलं, हीच गोष्ट पुन्हा सगळ्यांना सांगितली आणि माझ्या डोक्याला फेटा बांधला. मी बांधून घेतला. कुसुमने वाकून नमस्कार केला तेव्हा तिच्या भांगाशेजारची ती पांढरी रेघ मला वरून दिसली.

दामू जाऊन आता चार वर्षं झाली. तो असता तर मी हे लिहिलं नसतं. कुसुम दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवते, वरती चिठ्ठी असते, "काकांना." तिचा नवरा या दिवाळी अंकाचा जुना वर्गणीदार आहे. अंक फराळाचा डबा निघायच्या आधी तिच्या घरी पोचतो.